वहीत न उतरलेले

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जे जे खाली येते त्यातले निम्मे पुन्हा माळ्यावरच जाते, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. गेल्या वर्षी मात्र एका पत्र्याच्या ट्रंकेतून माझी एक जुनी वही निघाली आणि ती परत वर गेली नाही. शंभर पानी, खाकी पुठ्ठ्याची वही. पहिल्या पानावर, त्या काळी मला फार वळणदार वाटणाऱ्या अक्षरात, ‘माझे तत्त्वज्ञान’ असे लिहिलेले. खाली साल १९६२. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. चौदाव्या वर्षीच ज्याचे तत्त्वज्ञान तयार होते त्याच्या हातून पुढे फारसे काही होत नाही, असे माझे वडील म्हणत. आणि सारी नोकरी पोस्टाच्या खिडकीआड काढून मी त्यांचे म्हणणे खरे करून दाखवले.

नातीने वही उघडली, दोन पाने वाचली आणि विचारले, “आजोबा, यातलं तुमचं कोणतं?”

प्रश्न सरळ होता. उत्तर देता येईना. वहीतली सगळी वाक्ये कादंबऱ्यांतून उतरवून घेतलेली. बहुतेक खांडेकरांची, थोडी फडक्यांची, दोनचार साने गुरुजींची. जीवन म्हणजे काय, प्रेम म्हणजे काय, ध्येय कशाला म्हणावे, याची उत्तरे पानोपानी होती. पण ज्यावर बोट ठेवून ‘याच्या आधाराने मी जगलो’ असे म्हणावे, असे एकही वाक्य त्यात सापडले नाही. आणि तरीही कादंबऱ्यांनी मला काही दिले नाही असे म्हणणे शुद्ध कृतघ्नपणाचे होईल. मग त्यांनी दिले ते गेले कोठे? ते हुडकण्याचा हा खटाटोप आहे. याला टीकालेख म्हणावे इतकी शिस्त यात नाही. पण कादंबरी माणसाच्या मनात कोणत्या दाराने शिरते हा टीकेचाच प्रश्न आहे, असे धरून मी चाललो आहे.

प्रथम खांडेकरांविषयी. आज त्यांना हसणे फार सोपे झाले आहे, आणि हसणाऱ्यांतले निम्मे त्यांना वाचल्यावाचून हसतात. ‘दोन ध्रुव’ आणि ‘उल्का’ या दोन्ही कादंबऱ्या १९३४ सालच्या. त्यानंतरची तीस वर्षे मराठी घरात तरुण मूल होते आणि त्याच्याजवळ खांडेकरांच्या वाक्यांची वही नव्हती, असे क्वचितच घडले असेल. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षे मास्तरकी केलेला हा लेखक. कादंबरी लिहितानाही समोर वर्ग बसला आहे ही जाणीव त्यांना सुटत नसे. विद्यार्थ्याने टिपून घ्यावे असे काही दर दोन पानांनी ते फळ्यावर लिहीत. आम्ही टिपून घेत असू. तालुक्याच्या गावातल्या मुलाला, ज्याच्या घरी आयुष्याबद्दल बोलणे म्हणजे पगार, पाऊस आणि कोणाचे तरी आजारपण, त्याला आयुष्य ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे एवढे तरी या वाक्यांनी सांगितले. हे ऋण मी नाकारणार नाही.

पण वही चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. ही वाक्ये कादंबरीतून उचलून बाहेर काढली, तरी मागे कादंबरीत भोक पडत नाही. कोण म्हणाले, कोणाला म्हणाले, त्या वेळी त्याच्या पोटात काय कालवत होते, यावर त्यांचे काही अडलेले नाही. जे वाक्य इतक्या सहज सुटून येते ते वाचणाराच्या मनातही तितकेच सैल बसते. माझ्या वहीत त्यागाची थोरवी सांगणारे एक आणि प्रेमापुढे सारे तुच्छ म्हणणारे एक, अशी दोन वाक्ये समोरासमोरच्या पानांवर आहेत. दोन्ही मी एकाच आठवड्यात उतरवलेली. आणि दोन्ही मला सारखीच पटलेली.

यात खांडेकरांपेक्षा माझ्यासारख्या वाचकाचा दोष अधिक, हे मला ‘ययाति’ पुन्हा वाचताना कळले. १९५९ सालची ही कादंबरी. पुढे मराठीला पहिले ज्ञानपीठ, १९७४ चे, मिळाले ते तिच्यामुळेच. लहानपणी मी तिच्यातून भोग आणि वासना यांवरची वाक्ये वेचली. पण ती कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनी आपापल्या तोंडाने सांगितलेली आहे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे दुःख दिसत नाही ही तिच्यातली खरी गोष्ट, ती माझ्या वहीत नाही. ती उतरवण्याजोगी नव्हतीच. कोणत्या ओळीत आहे म्हणून सांगणार?

वामन मल्हारांना मात्र ओझरता नमस्कार करून पुढे जातो. माझ्या वडिलांच्या मते, कादंबरीत तत्त्वज्ञान कसे असावे याचा दाखला म्हणजे १९३० सालचा ‘सुशीलेचा देव’. लहानपणीच्या देवापासून निघालेली सुशीला वाढत्या वयाबरोबर देवाची कल्पना कशी बदलत जाते, हा विषय खरोखर मोठा आहे, आणि त्यातल्या चर्चेची सचोटी आजही आदर वाटावा अशी आहे. पण पंधराव्या वर्षी ते पुस्तक छातीवर ठेवून मी तीनदा झोपी गेलो, हेही कबूल केले पाहिजे. माणसे विचार मांडण्यासाठी एकमेकांकडे येतात आणि मांडून झाला की निघून जातात. त्यांना भूक लागत नाही.

आता ज्या कादंबरीसाठी हे सारे लिहायला घेतले तिच्याकडे येतो. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ तिच्यातले एकही वाक्य माझ्या वहीत नाही.

आमचे घर वाईला, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. घरात माई होती. माई म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी वैधव्य. त्यानंतर ती जी माहेरी परत आली ती कायमची. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. दर पंधरवड्याला मागच्या दाराने न्हावी येई; त्या वेळी आम्हा मुलांना परसात जाण्याची बंदी असे. आम्हाला त्यात काहीच वाटत नसे. कल्हईवाला येतो, पिंजारी येतो, तसा माईचा न्हावी येतो. घरात माईला कोणी वावगा शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. वडील बाहेरगावाहून आले की आधी तिच्या पाया पडत. हे मुद्दाम सांगतो. पुढे त्याचे काम आहे.

१९६३ चा चातुर्मास. माईचे डोळे मोतीबिंदूने अधू झालेले. दुपारी ती पडवीत वाती वळत बसे आणि मी तिला पोथी वाचून दाखवी; अध्यायाला एक खडीसाखरेचा खडा, असा आमचा करार. त्या वर्षी ‘पांडवप्रताप’ लवकर संपला. वाचनालयातून आणलेले, कण्याशी उसवलेले एक जाड पुस्तक माझ्या मांडीवर होते. माई म्हणाली, “तेच वाच. मला काय, कान आहेत तोवर काहीही चालतं.”

पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली ती व्याकरणाची. कादंबरी यमूने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली. इंग्रजीत ‘मी’ बाईचा की पुरुषाचा हे वाचणाराला विसरता येते; मराठी ती सवलत देत नाही. ‘मी’ म्हटले की चार शब्दांनी क्रियापद येते आणि उघडे पाडते. मी गेले, मी रडले, मी घाबरून बसले. माझा आवाज तेव्हा नुकताच फुटत होता. तसल्या घोगऱ्या आवाजात ‘मी लाजले’ म्हणणे मला मरणप्राय वाटले. म्हणून मी वाचता वाचता ‘गेलो’, ‘रडलो’ असे दुरुस्त करू लागलो. माई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “गाढवा, हे लग्न कुणाचं लागतंय, तुझं? छापलंय तसं वाच.”

छापले होते तसे वाचले. एक महिनाभर, रोज दुपारी तास-दीड तास, मी ‘मी आले, मी गेले’ म्हणत होतो. आठ-दहा दिवसांत लाज गेली; त्यानंतर काय झाले ते सांगणे कठीण आहे. गोष्ट ऐकल्यासारखी राहिली नाही, एवढे म्हणतो. सासू यमूला टाकून बोलली की माझे कान तापत. यमूची मैत्रीण दुर्गी, तिच्या हालांची पाने वाचताना मी आवाज उतरवत असे, कारण आमच्या स्वयंपाकघरात माझी आई होती आणि तिने ऐकू नये असे वाटे. (ती ऐकत होती, हे तिने पुढे पंधरा वर्षांनी सांगितले.)

हे सारे आधी हरिभाऊंनी केले होते, हा विचार मला फार उशिरा सुचला. त्यांचा जन्म १८६४ चा. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. म्हणजे सव्वीस वर्षांचा पुरुष, आठवड्यामागून आठवडा, कागदावर ‘मी आले, मी गेले’ लिहीत बसला होता. त्यांच्या कळकळीविषयी आणि समाजसुधारणेच्या तळमळीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला वाटते, या क्रियापदांविषयी थोडे लिहायला हवे. कळकळ माणूस लांबूनही बाळगू शकतो. ‘मी’ म्हणून बाईचे क्रियापद लावायचे तर लांब राहून चालत नाही. त्या आठवड्यापुरते तरी तिच्या जागी जाऊन बसावे लागते.

लेखक पुरुष आहे हे माईला मी सांगितले तेव्हा तिने ते साफ नाकारले. “बाईनं लिहिलं असेल आणि यानं नाव घातलं असेल.” पुढे १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आले, तेव्हा नावाआड कोण आहे याचा शोध घेण्यात सारा महाराष्ट्र दंग झाला होता, माईचा संशय त्याच जातीचा, फक्त उलट्या तोंडाचा.

टीकाकार म्हणून माई मला आजही मोठी वाटते. हरिभाऊंवर पाल्हाळाचा आक्षेप सर्वांनी घेतला आहे. माईने तो पहिल्या आठवड्यातच घेतला, पण निराळ्या शब्दांत: “ही पोर फार बोलते. आम्ही एवढं बोलत नव्हतो. बोलायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.” यावर मी बरीच वर्षे विचार केला आहे, आणि आता त्या पाल्हाळाला मी दोष मानीत नाही. ज्या बायकांनी एक अक्षर उच्चारले नाही त्यांच्या वाटचे बोलणे एकट्या यमूच्या अंगावर पडले होते. ते आटोपशीर कसे होणार?

मग तो भाग आला. मी रात्री दिव्याशी बसून पुढचे वाचून काढीत असे. रघुनाथराव जातात, यमू पुण्याला सासरी परत येते, आणि शंकरमामंजी कपटाने, बळजबरीने तिचे केशवपन करवतात. ते वाचून मी रात्रभर जागा होतो. परसात जाण्याची बंदी कशासाठी होती ते मला त्या रात्री कळले. घरात जन्मापासून पाहिलेली गोष्ट पुस्तकात वाचल्यावर कळली, याची लाज आजही वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माईला म्हटले, “शेवटची पानं फाटलीत. वाचनालयाची प्रत आहे.”

माईने आणखी दोन-तीन वाती वळल्या. “पानं आहेत. रात्री वाचत होतास, मी बघत होते. वाच.”

वाचले. त्या प्रकरणातही ‘मी’च होता, आणि क्रियापदेही तीच. माझा आवाज कोठे कोठे बसला. माई रडली नाही. संपल्यावर तिने विचारले, “या शंकरमामंजीचं पुढं काय झालं?” आणि मग, वातीचे टोक चिमटीत पिळत: “असा एक मेला घरात असता तर बरं झालं असतं. नाव घ्यायला कुणी तरी झालं असतं. आमच्याकडं सगळे चांगलेच होते. आबा माजघरात बसून रडत होते. न्हाव्याला निरोप त्यांनीच धाडला होता.”

आबा म्हणजे तिचे वडील, माझे पणजोबा. त्यांची तसबीर आमच्या ओटीवर होती.

या कादंबरीवर पुढे हाताला लागले तेवढे मी वाचले. माईचा आक्षेप मला त्यात कोठे भेटला नाही. हरिभाऊंना कथानकासाठी दुष्ट माणूस हवा होता. शंकरमामंजी त्यांनी इतका झोकात उभा केला की वाचणाराचा सगळा संताप त्याच्यावर खर्च होतो आणि वाचणारा हलका होऊन उठतो. सुधारणावादी कादंबरीचे हे जुने दुखणे आहे. पण याच कादंबरीच्या नावात शंकरमामंजी नाहीत. नावात एक प्रश्न आहे, आणि तो दुष्टाला विचारलेला नाही. दुष्टाच्या तर सारे लक्षात असते. तो चांगल्यांना विचारलेला आहे. माजघरात बसून रडणाऱ्या आबांना, पाया पडणाऱ्या माझ्या वडिलांना, खडीसाखर खात पोथी वाचणाऱ्या मला. कथानकाहून ते नाव अधिक जाणते आहे, असे माझे मत आहे.

हे सारे मला तेव्हाच समजले असे मात्र कोणी समजू नये. तेव्हा मला एवढेच समजले की अन्याय झाला आहे आणि तो मी दूर केला पाहिजे. पुढच्या वेळी न्हावी आला तेव्हा मी मागच्या दारात हात पसरून उभा राहिलो. तो बिचारा म्हातारा. धोकटी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. वडील आले. मी त्यांना रघुनाथरावांसारखे एक भाषण ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “माईला विचारलंस का?”

विचारले नव्हते. तिच्यावर झालेल्या अन्यायाचे निवारण करताना तिला विचारायचे असते हे माझ्या लक्षात आले नव्हते.

माई आतून आली. “सत्तर वर्षांची झाले मी. डोकं उकडतं मला. आता केस राखून कुणाला दाखवू? सरक बाजूला.” मी सरकलो. त्या दिवशी मला तिचा राग आला. यमूने केला तसा आकांत तिने करायला हवा होता असे मला वाटत होते. कादंबरीतूनही मी शेवटी वहीत उतरवण्याजोगे एक वाक्यच काढले होते, विधवांच्या स्थितीविषयीचे, आणि ते घेऊन माईच्या अंगावर गेलो होतो.

तिला काय हवे होते ते तिने त्याच दुपारी सांगितले. “ते मुंबईचं पुन्हा वाच.”

मुंबईची प्रकरणे म्हणजे यमूच्या सुखाचे दिवस: निराळे बिऱ्हाड, रघुनाथरावांचे मित्र आणि त्यांच्या घरची माणसे, वाचन, नवरा-बायकोचे मोकळेपणाचे बोलणे. टीकाकारांना ही पाने सैल वाटतात. पहिल्या वाचनात मलाही वाटली होती. दिवाळीपर्यंत मी ती तीनदा वाचली, कारण माईला दुसरे काही नको होते. नवरा यमूशी काही बोलतो, तिला काही विचारतो, अशा जागी तिचे वाती वळणे थांबत असे. ती काही म्हणत नसे. बाराव्या वर्षी जिचा नवरा गेला ती त्या पानांत काय ऐकत होती, ते मी विचारले नाही. या वेळी मात्र न विचारणे बरोबर होते, असे मला वाटते.

पुढे १९६६ साली मी पुण्याला कॉलेजात गेलो आणि ‘कोसला’ वाचली. ती येऊन तीन वर्षे झाली होती. पांडुरंग सांगवीकराने आमची वह्यांची हौस कायमची मोडली, असे आम्ही मित्र म्हणत असू. खरे पाहता आम्ही वही तोंडात आणली, इतकेच. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांवाचून आमचे एक वाक्य पुरे होईना. पण पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते ती पाने वाचली, तेव्हा त्या थट्टेखोर ‘मी’च्या आत मी पुन्हा तसाच अडकलो, पडवीत अडकलो होतो तसा. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतल्या मुलाने दार वाजवून विचारले, काय झाले म्हणून. मोठ्याने वाचत होतो हे मला ठाऊकच नव्हते.

माई १९६८ च्या माघात गेली. मी पोस्टात लागलो. खिडकीच्या जाळीतून माणसाचा हात आधी दिसतो, चेहरा नंतर, आणि घाईत असलो तर दिसतही नाही. एक बाई दर महिन्याला मुलाची मनीऑर्डर आली का म्हणून विचारायला येई आणि मी वर न बघता ‘नाही’ म्हणत असे. किती महिने तसे म्हणालो ते मला सांगता येणार नाही. एके दिवशी मी वर पाहिले, इतकेच. त्या दिवशीही मनीऑर्डर आलेली नव्हती. पण तिला बाकावर बसायला सांगितले, पाणी दिले, आणि मुलाला पत्र लिहायचे का म्हणून विचारले. तिने मजकूर सांगितला, मी लिहिला. ‘मी बरी आहे,’ असे तिने सांगितले आणि तसेच मी लिहिले. हाताला ते वळण ओळखीचे होते.

नातीला यातले मी काहीच सांगितले नाही. तिने वही उलटून मागचे पान काढले. तेथे पेन्सिलीने लिहिलेले आकडे होते, बरेचसे पुसट झालेले, एकाखाली एक. “हा कसला हिशोब?” तिने विचारले. मी चष्मा लावून पाहिले. हिशोब नव्हता; पानांचे क्रमांक होते. माईला पुन्हा ऐकायची असत ती मुंबईची पाने. पुस्तक वाचनालयात परत करायचे होते, आणि ते पुन्हा आणले म्हणजे शोधाशोध नको, म्हणून टिपून ठेवलेली.